इमासच्या हातची वात

इमास गेली हे कळलं तेव्हा तातांग एका गिऱ्हाइकाच्या व्हेपच्या, म्हणजे विजेवरच्या सिगारेटच्या, टाकीतला कापूस चिमट्याने उपसत होता आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होता. बँकेतली नोकरी, इस्त्रीचा शर्ट, महागातला व्हेप, आणि कापूस असा कोंबलेला की जणू उशी भरायला बसला होता. त्या दाबाने आतल्या तापणाऱ्या तारेची कॉइल एका अंगाला वाकली होती. वर दादा म्हणावं तसं कांग म्हणत तो विचारत होता, "कांग, कॉइलमध्येच काही दोष असेल का? जळका वास येतो."

कॉइल तातांगने स्वतः वळलेली होती.

"दोष कॉइलमध्ये नाही," तो म्हणाला. "दोष समोर खुर्चीत बसलाय."

गिऱ्हाईक हसलं. चिकादासच्या त्या गल्लीतल्या तातांगच्या दुकानात सगळ्या बांडुंग शहरातून लोक यायचे ते त्याच्या बायकोच्या, इमासच्या, कापसासाठी. तातांगचं बोलणं त्याबरोबर फुकट मिळायचं. लोकांना त्याची सवय होती.

तेवढ्यात चेचेप दारात आला. हा इमासचा धाकटा भाऊ. मोटारसायकलवरून लोकांना भाड्याने सोडायचा धंदा, अंगात कायम ते कंपनीचं हिरवं जाकीट. तो हेल्मेट न काढता आत आला आणि काउंटरपाशी उभा राहिला.

"हेल्मेट काढ की," तातांग म्हणाला. "दरोडा घालायला आलायस?"

चेचेपने हेल्मेट काढलं नाही. "कांग, दुकान बंद करा. तेतेह गेली."

बहिणीला तो तेतेहच म्हणायचा, म्हणजे ताई. तरी तातांगने विचारलं, "कुठे गेली?" आणि विचारता विचारताच हेल्मेटच्या काचेमागचा चेहरा त्याला दिसला.

सकाळी दवाखान्यातून तिनेच त्याला पिटाळलं होतं. नवऱ्याला ती अकांग म्हणायची. म्हणाली होती, "जा अकांग, दुकान उघडा. किती दिवस बंद आहे. कापसाला ओल धरेल." म्हणून तो आला होता. नवऱ्याला शेवटचं काय सांगितलं, तर कापसाला ओल धरेल.

बँकवाला खाली मान घालून निघून गेला. टाकी तिथेच विसरला. तेवढंही धड जमलं नाही.

घरी बायका जमल्या होत्या. गल्लीत कोणाच्याही घरची बाई गेली की आंघोळ घालायला म्हातारी मा ओदाच यायची. आताही तीच आली होती, बाह्या दुमडून, आणि तिच्या हातात मशिदीतून आणलेलं कफनाचं पुडकं होतं. कापड, कापूर, चंदनाची भुकटी, आणि एका कागदात गुंडाळलेला कापूस. तो कापूस तातांगने पाहिला. पिवळट, गाठी पडलेला, मध्ये सरकीची काळी टरफलं.

"हा नाही," तो म्हणाला.

"हा नाही म्हणजे?"

"हा कापूस तिला लावायचा नाही."

मा ओदाने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तातांग, हाच लावतात. तुझ्या आईला हाच लावला होता मी. मेलेलं माणूस कापसाचा छाप बघत नाही."

"ही बघते," तो म्हणाला आणि दुकानात गेला. मागच्या खोलीतल्या हवाबंद डब्यात इमासचा चांगला कापूस होता, लांब तंतूचा, पट्ट्यापट्ट्यांचा, दुधासारखा. तो डबाच उचलून त्याने आणून दिला. मा ओदाने एक पट्टी दोन बोटांत धरून ओढली. ती तुटेना.

"हे कुठलं?" तिने विचारलं.

"तिचंच आहे."

मा ओदाने पट्टी डब्यात परत ठेवली. डबा घेऊन आत गेली आणि पडदा ओढला. नाका-कानात तो कापूस गेला. उरलेला डबा तिने परत आणून दिला तेव्हा तो जवळजवळ रिकामा होता. मशिदीच्या कापसाचं पुडकं तिने तातांगच्या अंगणातल्या पायरीवर ठेवलं आणि म्हणाली, "हे दुसऱ्या कोणाला होईल. तिचा नवरा एवढा नाक मुरडणारा नसेल."

हा तातांगचा स्वभाव होता, आणि तो लपवण्याची तसदी त्याने कधी घेतली नव्हती. कापसाच्या बाबतीत तर जगात एक इमास सोडली तर बाकी सगळी माणसं त्याच्या लेखी गाढव होती. आणि पुरावा रोज काउंटरवर यायचा. एक जण होता, कापसाची वात वळण्याआधी अंगठा आणि बोट जिभेला लावायचा, नोटा मोजणाऱ्या कारकुनासारखा. मग तक्रार, की चव येत नाही. चव येत होती, त्याच्याच थुंकीची. दुसरा कापूस घरी उकळून आणायचा, कुठेतरी वाचलं होतं म्हणे. पण ज्या पातेल्यात बायको झटपट नूडल्स शिजवायची त्याच पातेल्यात. त्याच्या टाकीचं झाकण काढलं की कोंबडीच्या मसाल्याचा वास. एक बायकोच्या आरशापुढच्या कापसाच्या चकत्या चोरायचा. एकाकडे कापूस विंचरायला छोटा कंगवा होता, त्याच कंगव्याने तो दाढीही विंचरायचा आणि हे अभिमानाने सांगायचा. एक महाभाग ईदच्या ईदला कापूस बदलायचा. त्याच्या टाकीतून जे निघायचं त्याला कापूस म्हणायला तातांग तयार नव्हता.

बहुतेकांची चूक मात्र साधी असायची. घट्ट भरायचे. घट्ट भरला की ज्याची वाफ ओढायची ते लिक्विड वर चढत नाही, कापूस जळतो, घशाला चटका बसतो. मग कोणी सांगायचं सैल भर, की हे इतका सैल भरायचे की खालून सगळं गळून खिसा ओला. मधलं काही त्यांना माहीतच नव्हतं.

इमासला मधलं माहीत होतं. दुकानात कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली होती. तार तातांगची, कापूस इमासचा. तो तार वळून कॉइल बसवायचा, ती सारखी तापते का ते बघायचा, चिमट्याने दाबून नीट करायचा आणि टाकी तिच्याकडे सरकवायचा. पुढे त्याचं काम नाही. दुसऱ्यांचा कापूस उपसून काढण्यात त्याचा हात कोणी धरला नसता, पण घालायला त्याने कधी हात लावला नाही. गरजच पडली नाही.

ती आधी पट्टीची वरची कडक साल सोलून काढायची. आतला कापूस दोन बोटांत हलका करायची, टोक चिमटीत पिळून अणकुचीदार करायची, कॉइलमधून ओढायची, मग एकदा मागे आणि एकदा पुढे. तेवढ्यात तिला कळायचं. जास्त झाला तर चार तंतू काढायची. कॉइलबाहेर राहिलेली कापसाची शेपटं कधी सरळ कापायची नाही. तिरपी कापायची, लांब टोक कॉइलच्या अंगाला. मग टोकं विंचरून विरळ करायची आणि खाली लिक्विडच्या घळीत सोडायची. दाबायची नाही. "बसू दे त्याला," म्हणायची. "त्याला काय बसता येत नाही का? सगळे ढकलतात कशाला?"

आणि कापूस घालण्याआधी चिमटीभर घेऊन वरच्या ओठाला लावायची. ओल आहे का बघायला. बांडुंगची हवा तशीच, सकाळी वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळी जास्त ओला. ही ओठाची सवय तिला पहिल्यापासून होती, पण रोज्यांच्या महिन्यापासून फारच वाढली. प्रत्येक पट्टी ओठाला. तोवर दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या, सलाइनमधून औषधं चढत होती, केस गेले होते. तातांगला वाटलं, आजाराने ही आणखी काटेकोर झाली. त्याला बरंच वाटलं. त्याच सुमारास तिने कापसाचं काम पुढच्या काउंटरवरून मागच्या खोलीत नेलं, पडद्यामागे. पुढे वारा लागतो म्हणाली.

आणि त्याच सुमारास चेचेप रोज दुपारी येऊन बसायला लागला.

चेचेपबद्दल तातांगचं मत जुनं होतं आणि ते बदलण्यासारखं त्या माणसाने काही केलं नव्हतं. धंद्यात लक्ष नाही. भाडं घेतलं तर घेतलं, नाही तर दुकानाच्या मागच्या खोलीत बहिणीपाशी कॉफी पीत आणि बाला-बाला, म्हणजे कोबी-गाजराची भजी, खात बसलाय. डावखुरा, आणि त्याची लाज नाही. कॉफीचा पेला डाव्या हातात, पैसे द्यायचे तर डाव्या हाताने. "उजवा हात गहाण ठेवलाय का?" असं तातांगने त्याला इतक्यांदा विचारलं होतं की चेचेप आता उत्तर द्यायच्या आधीच हसायचा. स्वतःच्या व्हेपमध्ये कापूस घालताना तो पट्टी दातांनी तोडायचा. हे तातांगने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यानंतर त्याने त्या माणसाबद्दल वेगळा विचार करायचं बंद केलं.

इमास भावाची बाजू घ्यायची. "तो बसतो तर बसू दे, अकांग. मला बरं वाटतं."

"भजी संपतात."

"मग जास्त आणा."

मयतीनंतर तातांगने व्हेप बाजूला ठेवला. त्याची स्वतःची टाकी, इमासने दवाखान्यात जाण्याआधी भरलेली, त्याने काउंटरमागच्या फळीवर घड्याळाशेजारी उभी केली. आत तिने घातलेला शेवटचा कापूस होता. ओढला तर जळणार, जळला तर बदलावा लागणार. म्हणून ओढायचाच नाही. तो पुन्हा लवंगेच्या सिगारेटवर गेला. त्या त्याने दुकान काढलं तेव्हा सोडल्या होत्या आणि ओढणाऱ्यांना तेव्हापासून नावं ठेवत आला होता. पहिल्याच झुरक्याला खोकला आला. बाजूचा चपलांच्या दुकानातला माणूस म्हणाला, "कांग, परत आमच्यात?"

"तुमच्यात नाही," तातांग म्हणाला. "तुमच्या शेजारी."

टाकीतलं लिक्विड हळूहळू उतरत गेलं. कापूस वरून तांबूस दिसायला लागला. तातांग सकाळी दुकान उघडलं की आधी ती टाकी बघायचा, काचेतून, हात न लावता. लांब टोक दिसायचं. तो कापसाचा तिरपा काप दिसला की दिवस सुरू करायला हरकत नाही असं त्याला वाटायचं.

गिऱ्हाइकं येत होती. कापूस घालून द्या म्हणत होती. तो म्हणायचा, "कॉइल न्या. कापूस तुमचा तुम्ही घाला."

"पण तेह इमास नेहमी..."

"तेह इमास नाही. तुम्ही आहात. घाला आणि जाळा."

सातव्या दिवसाची दुवा दुकानातच झाली. घर लहान, आणि माणसं बरीच. काउंटर भिंतीला सरकवून चटया टाकल्या. संध्याकाळच्या, मगरिबच्या नमाजानंतर गल्लीतले पुरुष आले, गिऱ्हाइकंही आली; इतकी येतील असं तातांगला वाटलं नव्हतं. थुंकीवाला आला, दाढीवाला आला, बँकवाला आला. टाकी विसरल्याबद्दल एक शब्द नाही, पण रडला खूप. दुवा म्हणून झाल्यावर केळीच्या पानातला भात वाटला. बाहेर ओट्यावर सगळे धूर सोडत बसले. धुराचे ढग इतके दाट की पलीकडच्या बायका दारं लावायला लागल्या. तातांग आतबाहेर करत होता, पानं उचलत होता, लोक खांद्यावर हात ठेवत होते. प्रत्येकाचा हात त्याला जड वाटत होता.

सगळे गेल्यावर त्याने चटया गुंडाळल्या, शटर ओढलं आणि फळीकडे न बघताच घरी गेला.

सकाळी त्याने दुकान उघडलं आणि फळीकडे पाहिलं. टाकी चकाकत होती. काच पुसलेली. आतला कापूस पांढराशुभ्र, नव्या लिक्विडने भिजलेला.

त्याला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. असं करतात. व्हेप ओढणारे मित्राच्या घरी गेले, कोणाची टाकी कोरडी, कापूस तांबूस दिसला, तर गुपचूप बदलून देतात, जसं कोणी पाहुणा उंबऱ्यावरची चपलांची रास नीट लावून ठेवेल. चांगुलपणाच होता तो. दुःखाच्या घरी तर जास्तच. आणि हा चांगुलपणा कोणी केला असेल हे त्याला शोधावं लागलं नाही. काउंटरच्या डाव्या कोपऱ्यावर कॉफीचा पेला होता, डावखुऱ्याने ठेवल्यासारखा.

त्याने शटरबाहेरच्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं. डबा रिकामा होता. कचऱ्याची गाडी पहाटेच येऊन गेली होती.

चेचेप नऊच्या सुमाराला आला, हेल्मेट काखेत धरून. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेली भजी होती. एरवी तो कधी घेऊन यायचा नाही.

"कांग, खाऊन घ्या काहीतरी."

"ही टाकी तू उघडलीस?"

"हो. किती दिवस तशीच पडली होती. कापूस पार गेला होता. म्हटलं, कांग परत सिगारेटला लागलेत, टाकी तयार असली तर..."

"कापूस कुठे टाकलास?"

"डब्यात."

तातांगने टाकी खाली घेतली, काच फिरवून काढली आणि चिमटा हातात घेतला. "हे बघ," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. गिऱ्हाइकांशी बोलायचा तसाच आवाज होता. "हे बघ काय केलंस. डावीकडे सैल आहे. इथे शेपूट लांब ठेवलंस, गळणार. काप बघ, उलटा. तुला डोळे आहेत की नुसती भोकं? सात वर्षं या दुकानात फुकट भजी खाल्लीस आणि कापूस घालायला शिकला नाहीस. तोडलास कशाने, दातांनी?"

"कात्रीने," चेचेप म्हणाला.

"तिचा होता तो. तिच्या हातचा शेवटचा होता. मी त्याला हात लावला नाही, आणि तू, तुझ्या या हाताने..." त्याने चिमट्यात कापूस धरला, ओढून बाहेर काढला आणि भिजलेला बोळा फरशीवर टाकला. "हा असला कापूस मी कुत्र्याच्या कानात घालणार नाही."

चेचेप भजीचा कागद काउंटरवर ठेवायला गेला, पण ठेवला नाही. हातातच धरून उभा राहिला. मग म्हणाला, "कांग, तोही माझाच होता."

"काय तुझा होता?"

"जुना. तो मीच घातला होता. रोज्यांच्या महिन्यापासून सगळे मीच घालत होतो."

तातांग हसला. खरंच हसला. "तू."

"तेतेहच्या बोटांना कळत नव्हतं काही. त्या औषधांनी. टोकं बधिर झाली होती. गरम कपबशी धरली तरी कळायचं नाही. पेले फुटायचे आठवतात ना? म्हणायची, ओल्या हाताने निसटला. कापूस चिमटीत आहे की नाही हेसुद्धा तिला बघून ठरवावं लागायचं. म्हणून मला बोलवायची दुपारी."

"पडद्यामागे."

"हो. ती बघायची, मी घालायचो. चुकलं की डोक्यात टपली. टपली तिला लागायची नाही, मलाच लागायची." तो थोडा हसला आणि थांबला. "दातांनी तोडायचं तिनेच बंद करवलं."

"मला का नाही सांगितलं?"

चेचेप भजीच्या कागदाकडे बघत म्हणाला, "सांगू नको म्हणाली. म्हणाली, तुझ्या हातचा आहे कळलं तर ते फेकून देतील."

तातांगने फरशीवरच्या बोळ्याकडे पाहिलं. लिक्विडचा ओघळ फरशीच्या फटीत जात होता.

"आणि काप?" त्याने विचारलं. "शेपटाचा काप."

"तो मला तिच्यासारखा जमेचना. मी डावखुरा, माझी कात्री उलटी जाते. लांब टोक बाहेरच्या अंगाला येतं. मी म्हटलं, कांगना कळेल. तर म्हणाली, असू दे, त्यांना काय कळतंय."

तातांगला आठवलं. काप बदलल्याचं त्याच्या लक्षात आलं होतं. रोज्यांच्या महिन्यातच आलं होतं. त्याने ते काउंटरवर एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला काचेवर बोट लावून दाखवलंही होतं. म्हणाला होता, "बघा, आजारी बाई, पण डोकं बघा. लांब टोक आता बाहेर ठेवते. लिक्विड जास्त ओढलं जातं. हे कोणी शिकवून येत नाही." आणि तो म्हातारा झुरका घेऊन, डोळे मिटून म्हणाला होता, "हो कांग, फरक आहे." तेव्हा तातांगला त्या म्हाताऱ्याची कीव आली होती, की याला काही कळत नाही, मी सांगितलं म्हणून मान डोलावतो. आणि आत्ता त्याच कापाला त्याने उलटा म्हटलं होतं.

"पण प्रत्येक पट्टी ती ओठाला लावायची," चेचेप म्हणाला. "बोटांना कळत नव्हतं ना. ओठाला कळायचं. ओठाला लावून बरा आहे म्हणाली की मग मी घालायचो. त्याशिवाय कधी घातला नाही."

"शेवटचा?"

"शेवटचा पण. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी. तुम्ही बाहेर तार वळत होतात. खुर्चीत बसवत नव्हतं तिला, तरी बसली. ओठाला लावला आणि म्हणाली, हा अकांगचा आहे, नीट घाल."

चेचेपच्या खिशातला फोन वाजला, भाडं आलं होतं. तो फोनकडे बघत नव्हता.

"जा," तातांग म्हणाला. "गिऱ्हाईक उभं असेल."

"कांग, मी परत घालून देऊ? हा निघाला तो सैल झाला होता हे खरं आहे. काल घाईत..."

"जा म्हटलं ना."

चेचेपने भजी काउंटरवर ठेवली. डाव्या हाताने. तातांगच्या ओठांवर नेहमीचं वाक्य आलं आणि तिथेच राहिलं. चेचेपने सवयीने थोडी वाट पाहिली, मग हेल्मेट घालून निघून गेला.

त्या दुपारी तातांगने शटर अर्धं ओढलं आणि मागच्या खोलीत इमासच्या खुर्चीत बसला. डब्याच्या तळाशी मा ओदाने परत केलेल्या थोड्या पट्ट्या होत्या. त्याने एक घेतली, साल सोलली. साल काढताना अर्धा कापूसही निघाला. उरलेला त्याने वरच्या ओठाला लावला. कापूस होता. ओला आहे की कोरडा, त्याला काही कळलं नाही. त्याने टोक पिळलं, कॉइलमधून ओढायला गेला तर टोक पसरलं, पुन्हा पिळलं, पुन्हा पसरलं. शेवटी बोटं तोंडाकडे नेताना तो थांबला. थुंकीवाल्याचा चेहरा समोर आला.

पुढची पट्टी त्याने कशीबशी घातली. घट्ट झाली. कॉइल एका अंगाला वाकली. कोणी गिऱ्हाईक हे घेऊन आलं असतं तर तातांगने त्याला खुर्चीतून उठू दिलं नसतं. त्याने ती चिमट्याने उपसून काढली. ते मात्र त्याला उत्तम जमलं.

मग मा ओदा दुकानाच्या दारात आली. तातांगच्या घरच्या पायरीवर राहिलेलं मशिदीच्या कापसाचं पुडकं ती घेऊन चालली होती. गल्लीच्या पलीकडच्या टोकाला कोणीतरी गेलं होतं. तिने त्याला कापसाच्या बोळ्यांमध्ये बसलेलं पाहिलं.

"काय करतोस?"

"काही नाही."

"दिसतंय," मा ओदा म्हणाली. "लहानपणी इमास आणि चेचेप दोघं माझ्या ओट्यावर उशा भरायला बसायची. पोरगी भरायची, पोरगा बाहेर सांडायचा. मग ती त्याला परत भरायला लावायची." तिने पुडकं काखेत घेतलं. "तू कधी उशी भरली नाहीस ना?"

"नाही."

"मग बोलव त्याला," ती म्हणाली आणि गेली.

तातांगने कॉइल काढून नवीन वळली. ती त्याच्या हातची होती आणि तिच्यात कोणी खोट काढली नसती. तापवून पाहिली, मधून बाहेर सारखी लाल होत गेली. त्याने टाकी पुन्हा फळीवर घड्याळाशेजारी ठेवली. चेचेप त्या दिवसानंतर दुपारी आलेला नाही. गल्लीतून जाताना हॉर्न वाजवतो, थांबत नाही. कॉइल तयार आहे, डब्यात दोन पट्ट्या शिल्लक आहेत. टाकीत कापूस घातलेला नाही, आणि चेचेपला अजून बोलावलेलं नाही.